पट्टी ज्याच्या-त्याच्या गळ्याची

मराठीत 'पट्टी' हा मोठा कामसू शब्द आहे. वहीवर रेघ मारायची ती पट्टी, जखमेला बांधायची ती पट्टी, नगरपालिकेत भरायची ती घरपट्टी आणि पाणीपट्टी. गाणारा माणूस ज्या सुराला आपला 'सा' मानतो, तीही पट्टीच. गाणाऱ्याला 'तुमची पट्टी कुठली?' असं विचारलं, की तो 'काळी एक' किंवा 'पांढरी चार' असं उत्तर देतो. पेटीवरच्या ज्या सुरापासून त्याचं गाणं सुरू होतं, तो सूर म्हणजे त्याची पट्टी. आज मी ज्या वस्तूविषयी बोलणार आहे, ती या दोन अर्थांनी पट्टी आहे. ती बोटभर लांबीची एक पट्टी असते आणि गाण्याची पट्टी बदलते. गिटार वाजवणारे तिला 'कॅपो' म्हणतात. गिटारच्या मानेवर चिमट्यासारखी बसवलेली ही वस्तू तुम्ही कुठल्या तरी कार्यक्रमात नक्की पाहिली असेल.

तुम्ही म्हणाल, कविता लिहिणाऱ्या माणसाचा या चिमट्याशी संबंध काय? मी मिरजेत राहतो. मराठी घेऊन बी. ए. झालो, भौतिकशास्त्राशी ओळख दहावीपुरती. वाद्य म्हणाल तर मला एकही येत नाही. पण मिरजेत राहणाऱ्या माणसाला वाद्यांपासून लांब राहता येत नाही. आमच्याकडे सतारी आणि तंबोरे पिढ्यान्पिढ्या बनतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. भोपळे वाळत घातलेले, खुंट्यांचा ढीग पडलेला, कुणीतरी कान लावून जवारी काढत बसलेलं, हे पाहतच आम्ही लहानाचे मोठे झालो. तेव्हापासून एक गोष्ट मनात बसली आहे. तंबोरा मागायला माणूस आला, की कारागीर आधी विचारतो, 'कुणासाठी? पट्टी कुठली?' मर्दानी तंबोरा वेगळा, बायकी तंबोरा वेगळा. भोपळ्याचा आकार, तारांची जाडी, सगळं त्या उत्तरावर ठरतं. आधी गळा, मग वाद्य.

गिटारचं तसं नाही. गिटार कारखान्यातून एका मापाची येते. ती वाजवणाऱ्याचा गळा कसा आहे, याची चौकशी कुणी केलेली नसते. ही चौकशी नंतर करायची असेल, तर कॅपो लागतो.

आमच्या घरात तो आला मुलीमुळे. तिचा आवाज जाड आणि भरदार आहे. घरी मिलादच्या वेळी पैगंबरांच्या स्तुतीची कवनं ती म्हणायची, तेव्हा बोलणाऱ्या बायका गप्प होत. तिथं साथीला कुठलंच वाद्य नसतं. त्यामुळे पट्टी कुणी ठरवून देत नाही. गळा आपली जागा आपण शोधतो. पुढे ती एका गायनवर्गाला जाऊ लागली. तिथं 'मुलींची पट्टी काळी चार' असा शिरस्ता होता. सगळ्या मुली त्याच पट्टीत गायच्या. वरच्या सुरांना हिचा आवाज फाटायचा. एकदा सगळ्यांसमोर तिला ऐकवण्यात आलं, की मुलीचा आवाज असा नसतो. त्यानंतर सहा-सात महिने ती घरातसुद्धा गुणगुणली नाही. तिची अम्मी म्हणाली, "पोरीचा गळा बसला नाही, पोरच बसली."

याच दिवसांत ती मैत्रिणीची गिटार वाजवू लागली. हाताला चार कॉर्ड आल्या, पण गायला तोंड उघडेना. आमच्या ओळखीचे एक वयस्कर तंबोरेवाले आहेत, त्यांच्यापाशी मी हे बोललो. त्यांनी तंबोऱ्याची तार छेडली, खाली-वर केली आणि तिला नुसतं 'सा' लावायला सांगितलं. मग म्हणाले, "पांढरी चार आहे ही. काळी चारमध्ये कशाला ताणता? आणि तुझ्या त्या गिटारला मेरू सरकवायचा चिमटा मिळतो की, तो आण." सगळा प्रकार पाच मिनिटांत आटोपला.

'मेरू सरकवायचा चिमटा' यापेक्षा कॅपोची चांगली व्याख्या मी अजून ऐकलेली नाही. सतारीत किंवा गिटारमध्ये तार ताणलेली असते दोन टेकूंच्या मधे. खालचा टेकू म्हणजे घोडी. वरचा, खुंट्यांजवळचा टेकू म्हणजे मेरू. गिटारवाले त्याला 'नट' म्हणतात. या दोहोंमधली तार जितकी लांब, तितका सूर खाली. तार आखूड झाली की सूर चढतो. कॅपो सहाच्या सहा तारा एका जागी दाबून धरतो. म्हणजे मेरू जणू उचलून पुढे आणला जातो.

नेहमीच्या गिटारची मोकळी तार साधारण ६५ सेंटिमीटर लांब असते. मानेवर धातूच्या आडव्या सळ्या असतात, त्या फ्रेट. सतारीच्या भाषेत पडदे. एक फ्रेट पुढे गेलं की सूर अर्ध्या स्वराने चढतो, म्हणजे पेटीवर लगतच्या पट्टीवर जातो, मग ती काळी असो वा पांढरी. दर फ्रेटला तार सुमारे साडेपाच टक्क्यांनी आखूड होते. दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावला तर ६५ची ५८ सेंटिमीटर उरते, बाराव्या फ्रेटवर बरोबर निम्मी होते आणि तोच सूर वरच्या सप्तकात लागतो. पेटीवाल्यांकडे 'स्केल चेंजर' पेटी असते, तिच्यात पट्ट्यांची अख्खी रांग बाजूला सरकते आणि बोटं मात्र नेहमीच्याच जागी चालतात. कॅपो म्हणजे गिटारचा स्केल चेंजर. फक्त तो खिशात मावतो.

शब्द इटालियन आहे. 'कापो' म्हणजे डोकं आणि 'तास्तो' म्हणजे वाद्याच्या मानेवरचा पडदा. जोव्हान्नी बात्तिस्ता दोनी या संगीतपंडिताने १६४० साली हा शब्द वापरला, तो मेरूच्या अर्थाने. अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या जेम्स ॲशबर्न या गिटार बनवणाऱ्या कारागिराने १८५० साली कॅपोचं पेटंट घेतलं. म्हणजे वस्तू कालपरवाची नाही.

तरीही कॅपोला नाकं मुरडणारे पुष्कळ भेटतात. 'ज्याला बार कॉर्ड येत नाहीत, त्याची ही कुबडी' असं म्हणतात. बार कॉर्ड म्हणजे एका बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबून धरलेली कॉर्ड. शिकाऊ मुलांची बोटं तिच्यापायी सोलून निघतात. ती शिकायलाच हवी, यात वाद नाही. पण कॅपो ही कुबडी असेल, तर स्पेनमधल्या फ्लामेंको परंपरेतले सगळे दिग्गज लंगडे ठरतील. तिथल्या गिटारवादकांच्या हातांची चपळाई पाहून डोळे फिरतात, आणि तेच लोक वर्षानुवर्षं कॅपो लावत आले आहेत. त्याला ते 'सेहिया' म्हणतात. जुना सेहिया म्हणजे लाकडाचा तुकडा, एक दोरी आणि ती पिळून घट्ट करायला एक खुंटी. आमच्या मिरजेच्या कारागिराने बघितला तर घरचाच म्हणेल.

फ्लामेंकोत गाणारा मुख्य असतो. वादकाच्या हातांच्या दोन प्रमुख बैठका असतात. एक 'वरची', म्हणजे ई कॉर्डच्या जागेवरची, आणि दुसरी 'मधली', म्हणजे ए कॉर्डच्या जागेवरची. गाणारा येऊन बसतो आणि सांगतो, 'मधली, चौथ्यावर.' वादक मुकाट्याने चौथ्या फ्रेटवर सेहिया चढवतो. उद्या दुसरा गाणारा आला, तर तो सहाव्यावर सांगेल. हात तेच, चलन तेच, आणि पट्टी गाणाऱ्याची. यात कुणालाही कमीपणा वाटत नाही.

आता खरेदीकडे वळू. बाजारात दीडशे-दोनशे रुपयांपासून दोन-अडीच हजारांपर्यंत आणि त्याहून वरचेही कॅपो आहेत. दुकानातला पोरगा काचेवर सात-आठ नग मांडतो आणि विचारतो, "काका, कुठला देऊ?" अशा वेळी रंग बघायचा नसतो. बघायचं असतं ते एवढंच, की हा चिमटा सहाही तारांवर सारखा आणि गरजेपुरताच दाब देतो का.

हे वाटतं तितकं सोपं नाही. ॲकूस्टिक गिटारच्या नेहमीच्या संचात सर्वांत बारीक तार ०.३० मिलिमीटर जाडीची असते आणि सर्वांत जाड तार १.३५ मिलिमीटरची, म्हणजे चौपटीहून जास्त. या दोन्ही तारा एकाच रबरी पट्टीखाली एकाच वेळी नीट दबायला हव्यात. दाब कमी पडला तर तार खरखरते किंवा मुकी होते. दाब जास्त झाला तर तार फ्रेटवरून खाली ताणली जाते आणि सूर चढा होतो. कॅपो लावल्यावर गिटार बेसूर वाटते, त्याचं मूळ बहुतेक वेळा या फाजील दाबात असतं.

प्रकार मुख्यतः चार. पहिला इलॅस्टिकचा. कापडी पट्टा गुंडाळायचा आणि भोकात अडकवायचा. स्वस्त आणि हलका. पण इलॅस्टिक सैल पडतं, आणि गुंडाळताना तारा एका बाजूला ओढल्या जातात. अडीअडचणीला ठीक.

दुसरा स्प्रिंगचा चिमटा. कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखा दाबायचा आणि सोडायचा. एका हाताने लागतो, दोन गाण्यांच्या मधे क्षणात सरकतो आणि नको तेव्हा गिटारच्या डोक्याला लावून ठेवता येतो. अमेरिकेतल्या कायझर कंपनीचा कॅपो या जातीतला सर्वांत ओळखीचा, आणि त्याच धर्तीचे स्वस्त नग गल्लोगल्ली मिळतात. उणीव अशी, की बहुतेकांत स्प्रिंगचा जोर ठरलेला असतो. तुमच्या गिटारला जेवढा हवा, त्यापेक्षा तो बहुधा जास्तच असतो.

तिसरा स्क्रूचा. मागचा स्क्रू फिरवत दाब हवा तेवढा वाढवायचा. वेळ लागतो, दोन्ही हात लागतात, पण सूर फार कमी हलतो. घरी बसून वाजवणाऱ्यांसाठी आणि ध्वनिमुद्रणासाठी हा उत्तम.

चौथा खटक्याचा. यात एका स्क्रूने दाब एकदाच ठरवून ठेवायचा, आणि मग खटका मिटला की कॅपो लागतो, उघडला की निघतो. कॅलिफोर्नियातले बँजोवादक रिक शब यांच्या नावाचा कॅपो या पद्धतीचा आहे. स्क्रूची अचूकता आणि चिमट्याची सोय यांचा मेळ इथं चांगला बसतो. ब्रिटनच्या जी-सेव्हन्थ कंपनीचा कॅपो तर मुठीत दाबला की दाबला जाईल तेवढ्या जोरावर स्थिर राहतो. तो महाग आहे. याशिवाय दोन-तीनच तारा दाबणारे अर्धे कॅपोही मिळतात. ते हात बसलेल्या माणसाचे खेळ आहेत, पहिल्या खरेदीत त्यांच्या वाटेला जाऊ नये.

कुठला घ्यावा? कार्यक्रमात दर गाण्याला पट्टी बदलावी लागत असेल तर चिमटा. एका पट्टीत तासभर बसून गाणार असाल तर स्क्रूचा. एकदाच घ्यायचा आणि वर्षानुवर्षं वापरायचा असेल तर खटक्याचा. आम्ही खटक्याचा घेतला. मुलगी म्हणाली, "अब्बा, एवढ्याशा लोखंडाला एवढे पैसे?" मी म्हटलं, "चष्म्याला देतो की नाही आपण?"

दुकानात जाताना आपली गिटार बरोबर न्या. चपलेची खरेदी पाय घरी ठेवून होत नाही, तसंच हे. दोन गोष्टी गिटारवर अवलंबून असतात. पहिली, मानेची रुंदी. स्टीलच्या तारांच्या गिटारची मान मेरूजवळ सुमारे ४३-४४ मिलिमीटर रुंद असते, तर नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारची सुमारे ५२. एकीचा कॅपो दुसरीला आखूड पडतो. दुसरी, मानेचा बाक. स्टीलच्या गिटारची तारांखालची लाकडी पाटी किंचित उंचवट्याची असते आणि क्लासिकलची सपाट. बाकदार पाटीवर सपाट कॅपो लावला तर कडेच्या तारांना दाबताना मधल्यांवर ओझं येतं. क्लासिकल गिटारवर बाकदार कॅपो लावला तर उलटी गत. बारा तारांच्या गिटारचं प्रकरण आणखी निराळं, तिला तिचाच कॅपो मागावा.

मग तिथंच चाचणी घ्या. गिटार आधी मोबाइलमधल्या ट्यूनरवर नीट लावा. कॅपो तिसऱ्या फ्रेटवर बसवा. तो फ्रेटच्या सळीच्या अगदी मागे, तिला समांतर हवा. दोन सळ्यांच्या मधोमध लावला तर जास्त दाब लागतो आणि सूर चढतो. आता एकेक तार सावकाश छेडा. खरखर आली का, कुठली तार मुकी आहे का, ते ऐका. ट्यूनरवर सूर किती चढला ते पाहा. थोडासा चढतोच, पण एखादी तार जास्त पळत असेल तर दाब कमी करा. कमी करता येत नसेल तर तो कॅपो परत द्या. शेवटी कॅपो काढून मोकळ्या तारा पुन्हा तपासा. रबरही बोटाने दाबून पाहा. फार मऊ रबर तारेखाली खचतं आणि आवाज दबका होतो. पाच-सात मिनिटांचं काम आहे, दुकानदार कंटाळला तरी चालेल.

कॅपो आणला, आता लावायचा कुठे? गिटारच्या पुस्तकांत सी, डी, जी अशी इंग्रजी नावं असतात आणि आपल्याकडे गाणारा काळी-पांढरीत बोलतो. इथंच पुष्कळ मुलं अडतात. पेन्सिल हाताशी असेल तर लिहून घ्या.

काळी एक : सीचे शेप, कॅपो पहिल्या फ्रेटवर. किंवा एचे शेप, चौथ्यावर.
काळी दोन : डीचे शेप, पहिल्यावर. किंवा सीचे शेप, तिसऱ्यावर.
पांढरी चार : ईचे शेप, पहिल्यावर. किंवा डीचे शेप, तिसऱ्यावर.
काळी तीन : ईचे शेप, दुसऱ्यावर. किंवा डीचे शेप, चौथ्यावर.
काळी चार : जीचे शेप, पहिल्यावर. किंवा ईचे शेप, चौथ्यावर.
काळी पाच : एचे शेप, पहिल्यावर. किंवा जीचे शेप, तिसऱ्यावर.

साथीला पेटी असेल तर गिटार मोबाइलवर न लावता पेटीवर लावून घ्यावी. जुन्या पेट्या कधी थोड्या चढ्या असतात, कधी उतरलेल्या.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. कॅपो सूर चढवतो, उतरवत नाही. माझ्या मुलीला जीच्या शेपमध्ये गाणी यायची, म्हणजे पांढरी पाच. तिला हवी होती पांढरी चार, म्हणजे दोन घरं खाली. कॅपो कितीही हलवला तरी जीवरून खाली जाता येत नाही. मग तिनं डीचे शेप शिकून घेतले आणि कॅपो तिसऱ्या फ्रेटवर लावला. नवे दोन-तीन शेप आणि एक चिमटा, एवढ्यात गाणं तिच्या गळ्याखाली आलं. खाली जायचं असेल तर आधी शेप बदला, मग कॅपोने वर या.

कॅपो जितका वर सरकेल तितका आवाज पातळ आणि चमकदार होतो. सातव्या फ्रेटवर ६५ सेंटिमीटरची तार साडेत्रेचाळीसच उरते, आणि गिटार मेंडोलिनकडे झुकू लागते. कधी तेच हवं असतं. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसन यांनी १९६९ सालच्या 'हिअर कम्स द सन' या गाण्यात कॅपो सातव्या फ्रेटवर लावला आहे, आणि त्या गाण्याची सगळी कोवळीक त्या जागेत आहे. दोन गिटार असतील तर एकीने जीचे शेप मोकळे वाजवावेत आणि दुसरीने पाचव्या फ्रेटवर कॅपो लावून डीचे. पट्टी एकच, पण दोन वाद्यं एकमेकींच्या अंगावर पडत नाहीत.

वाजवून झालं की कॅपो काढून ठेवावा. रात्रभर तसाच ठेवला तर तारांवर ताण राहतो आणि रबराला खाचा पडतात. खाचा पडलेलं रबर बदलावं. चांगल्या कॅपोंची रबरं सुटी मिळतात.

इतकं सगळं सांगितलं ते एका चिमट्यासाठी नाही. आवाज ऐकण्याआधीच त्याची पट्टी ठरवून टाकायची आपल्याला सवय आहे, तिच्याविषयी मला बोलायचं होतं. मुलगी आहे म्हणजे काळी चार, पुरुष आहे म्हणजे काळी एक. लता मंगेशकर आणि आशा भोसले यांच्या गाण्यांवर आपले कान घडले. ते भाग्यच, पण बाईचा आवाज म्हणजे उंच आणि बारीक, असं एक माप त्या कानांत तयार झालं, त्याला त्या दोघींचा इलाज नाही. त्या मापात न बसणाऱ्या किती मुली शाळेच्या समूहगीतात नुसते ओठ हलवत उभ्या राहिल्या असतील?

आमच्या मिरजेत ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ विसावले आहेत. १९३७ साली ते गेले. त्यांच्या तबकड्या ऐका. पुरुषाचा गळा, पण किती बारीक आणि उंच! त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांच्या शिष्या गंगूबाई हनगल. घशावरच्या उपचारानंतर गंगूबाईंचा आवाज खाली उतरला, रुंद झाला, ऐकणारा पहिल्यांदा चकित व्हायचा. घराणं एकच, किराणा. खाँसाहेबांना कुणी 'पुरुषासारखं गा' म्हटलं नाही, आणि गंगूबाईंनी उतरलेल्या आवाजाला नाकारलं नाही. त्याला जिथं उभं राहता येतं, तिथं त्या उभ्या राहिल्या आणि २००९ साली जाईपर्यंत मोठ्या गायिका म्हणूनच ओळखल्या गेल्या. तंबोरे लावणाऱ्यांनी तंबोरे त्यांच्या गळ्याला लावले.

मला हे जवळचं वाटतं, त्याला आणखी एक कारण आहे. मी घरात दखनी बोलतो आणि मराठीत लिहितो. तीस वर्षं लिहितो आहे. तरी कविसंमेलनात अजून कुणी तरी प्रेमाने म्हणतं, "आता तुमच्या खास उर्दूतलं काहीतरी होऊन जाऊ द्या." त्यांच्या मनात वाईट काही नसतं. माझं नाव ऐकून त्यांनी पट्टी आधीच लावून ठेवलेली असते, इतकंच. मी हसतो आणि मराठी कविता वाचतो. तीच माझी पट्टी आहे. उर्दूवर माझं प्रेम आहे, जसं माझ्या मुलीचं उंच आवाजात गाणाऱ्या गायिकांवर आहे. पण प्रेम असणं वेगळं आणि गळा असणं वेगळं.

कॅपोमुळे आवाज सुधारत नाही, हेही सांगितलं पाहिजे. रियाज लागतो तो लागतोच. सूर चुकत असेल तर तो कुठल्याही फ्रेटवर चुकतो. पट्टी जुळली म्हणजे एवढंच होतं, की ताकद ओरडण्यात जात नाही, गाण्यात जाते. चूक झाली तर ती आपली असते, दुसऱ्याच्या मापाची नसते. मग ती दुरुस्त करता येते.

घरात कुणी गिटार शिकत असेल तर एक करा. सकाळी उठल्या उठल्या नको, थोडं बोलणं-चालणं झाल्यावर त्याला आवडीचं एखादं गाणं कुठल्याही वाद्याशिवाय म्हणायला सांगा. ओळखीतला पेटीवाला बोलवा आणि तो 'सा' कुठे पडला ते शोधायला सांगा. तीन-चार दिवस हेच करा. बहुतेक वेळा उत्तर एकाच पट्टीच्या आसपास येईल. ते गाण्याच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, नाव आणि पत्त्याच्या खाली. मुलं वयात येतात, माणसं उतारवयाला लागतात, पट्टी बदलते. तेव्हा जुनी खोडून नवी लिहावी. कॅपो सरकवायला वेळ लागत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)